मशीन घेण्याआधी वॅटचा हिशोब : बॅटरीच्या दिव्यापासून गिरणीच्या मोटरपर्यंत



मागच्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या आपल्या एका समूहाने मिरची-मसाला दळायची मशीन घ्यायचं ठरवलं. पाच एचपीची, तीन फेजची. बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल मीच बसून लिहिला. मशीनची किंमत, शेड, वायरिंग, कर्जाचा हप्ता, विजेचा खर्च, सगळं मांडलं आणि बैठकीत मोठ्या विश्वासानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर समूहाच्या सचिव ताईंनी आपली वही उघडली आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्या भावाची पाच एचपीचीच गिरणी हाय. त्याचं मीटर तासाला तुमच्या आकड्यापेक्षा जास्त पळतंय. हे कसं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं, वीज शिकले ती दहावीपर्यंतच. मग एका परवानाधारक वायरमन दादांकडून, मोटरच्या पाटीवरून आणि जुन्या विज्ञानाच्या पुस्तकातून हा हिशोब परत शिकले. चूक माझीच होती आणि ती महिन्याला जवळपास हजार रुपयांची होती. हजार रुपये म्हणजे समूहातल्या दहा ताईंची महिन्याची शंभर-शंभर रुपयांची बचत.

आपल्या बऱ्याच समूहांनी यंदा घरघंटी, शेवया मशीन, डाळमिल, कांडप मशीन घ्यायचा विचार चालवलाय. दुकानदार एचपी सांगतो, वायरमन अँपिअर सांगतो, बिलावर युनिट येतात आणि डीपीवर केव्हीए लिहिलेलं असतं. हे चारही आकडे एकमेकांचे नातेवाईक आहेत. त्यांचं नातं एकदा कळलं की कुणी आपल्याला फसवू शकत नाही. तेच आज बघूया. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे. मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

व्होल्ट, अँपिअर, वॅट

गावातली पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेतला हा दाब म्हणजे व्होल्ट. पाईपमधून दर सेकंदाला किती पाणी वाहतंय, तो प्रवाह. विजेतला प्रवाह म्हणजे अँपिअर. आता त्या पाण्यावर एखादं चाक फिरवायचं असेल तर नुसता दाब असून चालत नाही आणि नुसतं पाणी असूनही चालत नाही. दोन्ही लागतात. दोन्ही मिळून काम होण्याचा जो वेग, ती विजेची शक्ती. ती वॅटमध्ये मोजतात.

वॅट = व्होल्ट × अँपिअर

हे पहिलं सूत्र. यातले दोन आकडे माहीत असले की तिसरा निघतो. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. पण एक लक्षात ठेवा : हे सूत्र जसंच्या तसं लागू पडतं ते बॅटरी आणि सोलर पॅनलच्या विजेला. घरातल्या विजेवर मोटर चालवायची असेल तर त्यात अजून एक आकडा घालावा लागतो. माझी वाट चुकायला सुरुवात तिथूनच झाली.

बॅटरी आणि सोलर : सरळ गुणाकार

बॅटरीतून येणारी वीज एकाच दिशेनं वाहते. तिला डीसी म्हणतात, मराठीत एकदिश प्रवाह. टॉर्च, मोबाईल, सोलर कंदील, ट्रॅक्टरची बॅटरी, हे सगळं डीसी.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. कोपीत दिवा हवा म्हणून बऱ्याच ताई सोलरचा छोटा संच घेतात. समजा त्यात 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बॅटरी आहे आणि 5 वॅटचा एलईडी दिवा आहे. अँपिअर-तास म्हणजे किती अँपिअर किती तास देता येतील.

बॅटरीत साठलेली वीज : 12 × 7 = 84 वॅट-तास.
दिवा किती तास चालेल : 84 ÷ 5 = साधारण 17 तास.

कागदावर 17 तास. पण साधी शिसं-आम्लाची बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर ती लवकर बाद होते. ती अर्धीच वापरावी. म्हणजे 42 वॅट-तास, दिवा आठ तास. रात्री सात ते अकरा आणि पहाटे तोडीला निघण्याआधी तीन तास, एवढं आरामात भागतं. लिथियमची बॅटरी असेल तर अर्ध्यापेक्षा बरीच जास्त वापरता येते.

आता पॅनल 10 वॅटचं असेल तर ही 42 वॅट-तास परत भरायला कडक उन्हाचे सव्वाचार तास लागतात. धूळ, ढग आणि पॅनल वाकडंतिकडं ठेवल्यानं होणारी घट धरली तर पाच-सहा तास. दुकानदार म्हणाला, "एकदा चार्ज केली की दोन रात्री चालते," तर त्याच्यासमोरच हा गुणाकार करून बघा.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते. समजा ग्रामसंघाच्या कार्यालयात इन्व्हर्टर आहे आणि त्यावर पंखा, दिवे, लॅपटॉप मिळून 400 वॅटचा भार आहे. 230 व्होल्टवर हे साधारण 1.7 अँपिअर होतात. पण बॅटरी 12 व्होल्टची. इन्व्हर्टरमध्येच थोडी वीज वाया जाते, म्हणून 400 वॅट बाहेर द्यायला तो बॅटरीकडून 470 वॅटच्या आसपास घेतो. 470 ÷ 12 = 39 अँपिअर. वॅट जवळपास तेवढेच, पण दाब कमी म्हणून प्रवाह वीसपटीनं वाढला. बॅटरीच्या वायरी बोटाएवढ्या जाड असतात त्या यासाठी. तिथं कुणी पातळ वायर जोडली तर ती तापणारच.

ही बॅटरी 150 अँपिअर-तासाची असेल तर 12 × 150 = 1800 वॅट-तास. अर्धी वापरायची म्हणजे 900. 900 ÷ 470 = दोन तासांना थोडं कमी. म्हणजे पूर्ण दुपारभर वीज गेली तर सगळं चालू ठेवून भागणार नाही. पंखा बंद करायचा की लॅपटॉप, हे आधीच ठरवलेलं बरं.

युनिट म्हणजे काय?

वॅट म्हणजे वेग आणि युनिट म्हणजे कापलेलं अंतर. 1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं.

युनिट = वॅट × तास ÷ 1000

9 वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास, महिनाभर : 9 × 5 × 30 ÷ 1000 = 1.35 युनिट.
जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब तेवढाच वेळ : 15 युनिट.
75 वॅटचा पंखा रोज दहा तास : 22.5 युनिट. नव्या प्रकारचा 30 वॅटचा पंखा : 9 युनिट.

घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटचा दर कमी आणि 101 पासून पुढचा जास्त असतो. म्हणून शंभराच्या काठावर असलेल्या घरात एक पंखा किंवा दोन जुने बल्ब बदलले तरी बिलात चांगला फरक पडतो. बिल हातात आलं की आधी रकमेकडे न बघता युनिटकडे बघा, ही सवय लावून घ्या.

घरातली वीज वेगळी कशी?

खांबावरून घरात येणारी वीज एकाच दिशेनं वाहत नाही. ती पुढे-मागे, पुढे-मागे अशी सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते. तिला एसी म्हणतात, मराठीत प्रत्यावर्ती प्रवाह. तिचा दाब शून्यापासून चढतो, शिखर गाठतो, उतरतो, उलट दिशेला जातो आणि परत येतो. शिखरावर तो सुमारे 325 व्होल्ट असतो. मग 230 व्होल्ट म्हणतात ते काय? जेवढ्या दाबाच्या डीसी विजेनं शेगडी तितकीच तापली असती, तो आकडा. म्हणजे हिशोबाला 230 धरायचे.

इस्त्री, पाणी तापवायचा हीटर, विजेची शेगडी यांत नुसती तार तापते. तिथं दाब वाढला की प्रवाह त्याच क्षणी वाढतो, दाब उतरला की तोही उतरतो. दोघं बरोबर चालतात. म्हणून तिथं पहिलंच सूत्र चालतं. 2000 वॅटचा हीटर : 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. हा हीटर पंख्याच्या 5 अँपिअरच्या साध्या प्लगमध्ये का लावायचा नाही, हे आता सांगायला नको.

मोटरचं मात्र तसं नाही.

मोटर आणि जातं

जात्यावर समोरासमोर बसून दोघी दळतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दोघींचा हात एका तालात असला की जातं हलकं फिरतं. एकीचा ताल जरा मागं पडला तर? तिचा हात चाललेला असतो, दंड दुखतात, घाम येतो, पण दळण कमी पडतं. कधी कधी तर तिचा जोर दुसरीच्या जोराच्या उलट जातो. मेहनत दोघींची पूर्ण आणि पीठ मात्र कमी.

मोटरमध्ये हेच होतं. मोटरच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. फिरण्यासाठी आधी त्यांना चुंबकत्व तयार करावं लागतं. त्यासाठी घेतलेला प्रवाह दाबापेक्षा थोडा मागं पडतो. हेलकाव्याच्या काही भागात मोटर वीज घेते आणि थोड्या भागात ती तारेत परत ढकलते. परत गेलेल्या विजेनं काम झालं नाही, पण तारेतून तिनं फेरी मारलीच. तार तापली, डीपीवर भार आला.

आलेल्या प्रवाहापैकी किती हिस्सा खरंच कामाला लागला, तो आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. हीटरचा पॉवर फॅक्टर 1, म्हणजे सगळा प्रवाह कामाचा. मोटरचा साधारण 0.8. मोटरच्या पाटीवर तो 'पी. एफ.' किंवा 'कॉस फाय' असा लिहिलेला असतो.

वॅट = व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

हे दुसरं सूत्र. नुसता व्होल्ट × अँपिअर हा गुणाकार केला तर जे येतं त्याला वॅट न म्हणता व्होल्ट-अँपिअर म्हणतात. त्याचे हजार झाले की एक केव्हीए. डीपीवर लिहिलेलं केव्हीए ते हेच.

एचपीचा फसवा आकडा

एक एचपी म्हणजे 746 वॅट. एचपी म्हणजे घोड्याचं बळ. इंग्लंडमध्ये वाफेची इंजिनं विकताना जेम्स वॅट यांनी चक्की ओढणाऱ्या घोड्यांशी इंजिनाची तुलना केली, तेव्हापासून हे माप आलं. वॅट हे नावही त्यांचंच.

पण मोटरवर लिहिलेले एचपी हे मोटरच्या दांड्यावर *बाहेर मिळणारं* बळ असतं. मोटर आत किती वीज घेते हे त्यात नसतं. मोटर तापते, आवाज करते, बेअरिंग घासतात. त्यात काही वीज जाते. म्हणून आत जाणारी वीज नेहमी जास्त. शंभर आत गेले आणि सत्तर बाहेर आले तर मोटरची कार्यक्षमता 70 टक्के.

एक एचपीच्या, सिंगल फेज घरघंटीचा हिशोब करूया. कार्यक्षमता 70 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.8 धरू.

बाहेरचं बळ : 746 वॅट
आत जाणारी वीज : 746 ÷ 0.70 = 1066 वॅट
व्होल्ट-अँपिअर : 1066 ÷ 0.8 = 1332
प्रवाह : 1332 ÷ 230 = 5.8 अँपिअर

नुसतं 746 ÷ 230 केलं असतं तर 3.2 अँपिअर आले असते. खरा प्रवाह जवळपास दुप्पट. 3.2 बघून कुणी पातळ वायर आणि छोटा प्लग दिला तर काय होईल ते तुम्हीच सांगा. शिवाय चालू होतानाच्या क्षणी मोटर याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, तो वेगळाच.

बिलात मात्र 1066 वॅटच मोजले जातात. घरघंटी एक तास पूर्ण भारावर चालली तर एक युनिटपेक्षा थोडं जास्त.

व्होल्टेज पडलं की मोटर का जळते?

"संध्याकाळी व्होल्टेज नसतंय, घरघंटी गुरगुरते नि बंद पडते," ही तक्रार जवळजवळ प्रत्येक गावात ऐकली. दळणाचं ओझं तेवढंच राहतं. दाब 230 वरून 180 वर आला तर तेवढंच काम करायला मोटर जास्त प्रवाह ओढते.

1332 ÷ 180 = 7.4 अँपिअर.

5.8 चे 7.4 झाले, म्हणजे सव्वापट. पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. 7.4 भागिले 5.8, त्याचा वर्ग केला तर 1.6. म्हणजे प्रवाह सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीच्याही वर गेली. वेटोळ्यांवरचं वॉर्निश करपतं आणि आपण म्हणतो, "मोटर जळाली." हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

लघुदाबाच्या जोडणीला दाब 230 पेक्षा 6 टक्के वर किंवा खाली एवढाच हलावा असा नियम आहे, म्हणजे साधारण 216 ते 244. वायरमनला मीटर लावून आकडा मोजायला सांगा. सलग चार-पाच संध्याकाळी वहीत तारीख, वेळ आणि व्होल्ट लिहा. मग ग्रामसंघाच्या ठरावासोबत महावितरणच्या कार्यालयात द्या किंवा 1912 वर तक्रार नोंदवा. "लाईट नीट नाही" या तक्रारीपेक्षा "पाच दिवस सायंकाळी सात वाजता 180 व्होल्ट" ही तक्रार वजनदार असते.

दाब पडतो कशानं? याचं उत्तर आपल्या परळीत बघायला मिळतं. परळीच्या औष्णिक केंद्रातला एक संच 250 मेगावॅटचा आहे, म्हणजे 25 कोटी वॅट. एवढी वीज गावातल्या 415 व्होल्टवर पाठवायची म्हटली तर साडेतीन लाख अँपिअरच्या जवळ प्रवाह लागेल. एवढी जाड तार कोण ओढणार? तेच 2 लाख 20 हजार व्होल्टवर नेलं तर 650 च्या आसपास अँपिअरमध्ये काम भागतं. वॅट तेच, दाब वाढवला की प्रवाह कमी आणि तारेत वाया जाणारी वीजही कमी. म्हणून दूरच्या वाहिन्या उंच मनोऱ्यांवरून चालतात आणि गावाजवळ डीपीमध्ये दाब उतरवला जातो. डीपीपासून पुढे मात्र दाब कमी आणि प्रवाह जास्त. डीपी लांब, तार बारीक, त्यावर मोटरी भरपूर आणि वरून आकडे टाकलेले. मग शेवटच्या घरापर्यंत दाब पोचणार कसा?

तीन फेज आणि माझी चूक

पाच एचपीची मशीन तीन फेजवर चालते. तीन फेज म्हणजे तीन तारा, ज्यांचे हेलकावे एकामागून एक येतात. एकीचा जोर उतरत असतो तेव्हा दुसरीचा चढत असतो. त्यामुळे मोटरला एकसारखं बळ मिळतं. सूत्रात तीनचं वर्गमूळ, म्हणजे 1.732 घालायचं.

वॅट = 1.732 × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

इथं व्होल्ट म्हणजे दोन फेजमधला दाब, साधारण 415. आता त्या कांडप मशीनचा हिशोब. पाटीवर कार्यक्षमता 85 टक्के आणि पॉवर फॅक्टर 0.8 होता.

बाहेरचं बळ : 5 × 746 = 3730 वॅट
आत जाणारी वीज : 3730 ÷ 0.85 = 4388 वॅट
व्होल्ट-अँपिअर : 4388 ÷ 0.8 = 5485, म्हणजे साडेपाच केव्हीए
प्रवाह : 5485 ÷ (1.732 × 415) = 7.6 अँपिअर

मी अहवालात काय केलं होतं? 3730 वरच थांबले होते. दांड्यावर मिळणारं बळ हेच वीज म्हणून लिहिलं. मशीन रोज सहा तास, महिन्याला 25 दिवस चालणार, म्हणजे 150 तास.

माझा हिशोब : 3.73 × 150 = 560 युनिट
खरा हिशोब : 4.39 × 150 = 658 युनिट

फरक 98 युनिटचा. हिशोब सोपा व्हावा म्हणून दर दहा रुपये धरला तर महिन्याला 980 रुपये. वर्षाला पावणेबारा हजार. मशीन सगळा वेळ पूर्ण भारावर चालत नाही, त्यामुळे फरक थोडा कमी पडेल. पण अंदाजपत्रकात खर्च कमी दाखवणं म्हणजे पुढे हप्त्याच्या वेळी ताईंना एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लावणं. नफा दिसतो म्हणून कर्ज घेतलं आणि नफा बिलात गेला, असं व्हायला नको.

सचिव ताईंनी मला वीज शिकवली नाही, पण त्याहून मोठी गोष्ट शिकवली. त्यांनी भावाच्या गिरणीचं रीडिंग दळण सुरू होताना आणि तासाभरानं असं दोनदा लिहून आणलं होतं. तीन दिवसांचं. सूत्र येवो न येवो, मीटर बघता येतं. सूत्र आणि मीटर जुळलं तरच सूत्र बरोबर.

नवा आकडा धरून दळणाचा दर काढला. तासाला 4.4 युनिट, म्हणजे 44 रुपये. मशीन तासाला 60 किलो दळत असेल तर किलोला 73 पैसे वीज. 40 किलोच दळत असेल तर एक रुपया दहा पैसे. म्हणून विकत घेण्याआधी "तासाला किती किलो?" हे दुकानदाराला विचारून थांबू नका. आपली मिरची, आपली हळद घेऊन जा आणि घड्याळ लावून दळून बघा.

डीपीचं केव्हीए आणि कॅपॅसिटर

आता तुम्ही विचाराल, पॉवर फॅक्टरचा बिलाशी संबंध नाही तर त्याची काळजी कशाला? छोट्या ग्राहकाला युनिटप्रमाणे, म्हणजे खऱ्या वॅटवर बिल येतं, हे खरं. उच्चदाबाच्या मोठ्या ग्राहकांना मात्र 2020 पासून महाराष्ट्रात केव्हीए-तासावर बिल येतं. त्यांचा पॉवर फॅक्टर घसरला की थेट खिशाला चाट बसते. आपल्या बिलात तो दिसत नसला तरी गावाच्या डीपीला तो दिसतो.

गावातली डीपी 63 केव्हीएची आहे असं समजा. सगळ्या मोटरींचा पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर त्या डीपीतून खरं काम 63 × 0.8 = 50 किलोवॅटचंच निघतं. तोच पॉवर फॅक्टर 0.95 केला तर 60 किलोवॅट. डीपी तीच, तारा त्याच आणि जवळपास साडेनऊ किलोवॅट जास्त. म्हणजे आपल्या कांडप मशीनसारख्या दोन मशीन त्याच डीपीवर जास्तीच्या बसल्या.

हे होतं कॅपॅसिटरनं. मोटरला चुंबकत्वासाठी जो प्रवाह लागतो तो दूरवरून, डीपीतून येण्याऐवजी मोटरशेजारचा कॅपॅसिटरच तिला देतो आणि परत घेतो. फेरी दारातच संपते. आपल्या पाच एचपीच्या मोटरला साधारण 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर पुरतो. तो लावला की प्रवाह 7.6 वरून 6.4 अँपिअरवर येतो. तारा कमी तापतात, दाबही थोडा सावरतो. शेतातल्या मोटरींना कॅपॅसिटर लावा असं महावितरण सांगतं त्यामागं हेच कारण आहे. कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून बंद केल्यावरही त्याच्या टोकांना हात लावायचा नाही. तो बसवणं हे वायरमनचंच काम.

दर कोणता लागणार, ते आधी विचारा

युनिट बरोबर काढले तरी दर चुकला तर सगळं चुकतं. पिठाची गिरणी, डाळमिल, मसाला मिल यांना औद्योगिक दर लागतो, दुकानाला वाणिज्यिक. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांसाठी वीज नियामक आयोगाच्या 2020 च्या दर आदेशात एक सोय दिली होती : महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या वर्षाचा 3600 युनिटपर्यंत असेल तर घरगुती दर. घरघंटी किंवा शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईंनी ही सोय आज कशी लागू आहे ते उपविभागीय कार्यालयात विचारून घ्यावं. वर मशीनचे 658 युनिट निघाले. ती या मर्यादेत बसत नाही, तिला वेगळी जोडणी लागणारच. म्हणजे कोणती जोडणी मागायची हेही वॅटच्या हिशोबावरूनच ठरतं.

मशीन घेण्याआधी एवढं करा

1. मोटरच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढा. एचपी, व्होल्ट, अँपिअर, पॉवर फॅक्टर, कार्यक्षमता हे पाच आकडे वहीत लिहा. पाटी नसलेली किंवा घासून काढलेली मोटर घेऊ नका.

2. सिंगल फेज की तीन फेज ते बघा. गावात तीन फेज दिवसातून किती तास असते तेही लिहा. चारच तास असेल तर सहा तासांच्या दळणाचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

3. वरच्या पद्धतीनं आत जाणारे वॅट काढा. तासाचे युनिट, महिन्याचे युनिट आणि किलोमागे खर्च, तिन्ही लिहा.

4. अशीच मशीन चालू असलेल्या गावात जाऊन तासाभराचं मीटर रीडिंग घ्या. तुमच्या हिशोबाशी जुळतंय का बघा. जुळलं नाही तर प्रश्न विचारा, मग समोर कुणीही असो. मॅडम असल्या तरी.

5. वायर, एमसीबी आणि स्टार्टर मोटरच्या अँपिअरवरून ठरवायला सांगा. स्टार्टरमधला ओव्हरलोड पाटीवरच्या अँपिअरवर लावलेला असावा. तीन फेजमधली एक गेली तर मोटर बंद पाडणारी सोय असावी. एक फेज गेल्यावर चालू राहिलेली मोटर हमखास जळते.

6. अर्थिंग आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी यात काटकसर नको. ओल्या हातानं, ओल्या जमिनीवर मशीनला हात लावणारी आपलीच ताई असते.

त्या समूहाचा अहवाल आम्ही परत लिहिला. विजेचा खर्च वाढला, नफा कमी दिसला, म्हणून ताईंनी दळणाचा दर किलोमागे दोन रुपयांनी वाढवून धरला आणि गावात विचारून आल्या. तो दर लोकांना मान्य झाला, तेव्हाच ठरावावर सह्या केल्या. पहिला आकडा तसाच गेला असता तर हीच दरवाढ मशीन सुरू झाल्यावर करावी लागली असती आणि "आधी स्वस्त सांगितलं, आता वाढवलं" असं ऐकावं लागलं असतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक काम करून या. घरातलं विजेचं बिल आणा आणि सकाळी सहा व रात्री दहा अशी दोन वेळची मीटर रीडिंग आठवडाभर वहीत लिहून आणा. ज्यांच्याकडे घरघंटी आहे त्यांनी मोटरच्या पाटीचा फोटो आणा. आपण सगळ्या मिळून गुणाकार करू. एखादीला सूत्र जमलं नाही तर शेजारची सांगेल, तिलाही जमलं नाही तर मी आहे. आणि माझं चुकलं तर सचिव ताईंची वही आहेच.

तारेवर आकडा टाकून वीज घेण्यात जीव जातो, डीपी जाते आणि मानही जातो. वहीतला आकडा मात्र कुणी काढून नेऊ शकत नाही.